एकशेवीस पिशव्या

मी तोंडाची फटकळ. बोलायला लागले की समोरच्याला पळता भुई थोडी होते, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ज्या दिवशी खरंच बोलायला हवं होतं त्या दिवशी माझी दातखीळ बसली, आणि माझ्यापायी भिका चोर ठरला. तेच सांगायला बसलेय. शिव्या घालायच्या तर शेवटी घाला, मध्येच नको, नाहीतर मी पुन्हा गप्प होईन.

मी तेजल. माहेर दांडीला लागून असलेल्या कोळीवाड्यातलं, सासर बोईसरला. कुंभवलीत एक गाळा भाड्याने घेतलाय आणि तिथे पिशव्या शिवते. साध्यासुध्या नाहीत हो. मासेमारीची टाकाऊ नायलॉनची जाळी आणायची, धुवायची, कापायची, आतून हातमागाचं कापड लावायचं. नाव ‘दर्या’. प्रत्येक पिशवीला खाकी कागदाची चिठ्ठी, तिच्यावर छापलेलं, ‘हे जाळं समुद्रात कचरा म्हणून गेलं असतं.’ मुंबईच्या प्रदर्शनात एका बाईचे ती चिठ्ठी वाचून डोळे भरून आले होते, माझ्यासमोर. मीही काही कमी नाही. चार वर्षांत नवा कपडा घेतलेला नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोथिंबीर आणली म्हणून सख्ख्या जावेला भर बाजारात झापलंय. लोकांना शहाणपण शिकवायची मला भारी हौस.

आता धंद्यातली एक गोष्ट, जी चिठ्ठीवर छापत नाहीत. खरोखर टाकाऊ झालेलं जाळं मिठाने ताठ असतं, शिंपल्या चिकटलेल्या असतात, आणि वास असा की चार वेळा धुतलं तरी मांजरं मागे लागतात. पहिल्या वर्षी माझ्या निम्म्या पिशव्या परत आल्या. ‘कल्पना सुंदर आहे, पण स्मेल येतो,’ म्हणे. मग मी जरा कमी जुनी जाळी शोधायला लागले. मग त्याहून जरा कमी जुनी. चिठ्ठी मात्र तीच ठेवली.

जाळी मला द्यायचे पुंडलिककाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर माझं लग्न त्यांनीच लावून दिलं. अंकुश नावाच्या भागीदाराबरोबर त्यांची एक होडी आहे, काका तिच्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांच्याइतका काटकसरी माणूस मी पाहिलेला नाही. जाळं फाटलं की शिवायचं, पुन्हा फाटलं की पुन्हा शिवायचं, अगदीच गेलं तर धड तेवढं कापून दुसऱ्याला जोडायचं. दर पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा शेडमध्ये बसून हेच काम. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

आमच्यात एक साधी रीत आहे. ठेवायचं जाळं गुंडाळून, दोरीने बांधून आढ्याला टांगायचं, उंदरांपासून दूर. टाकायचं ते शेडच्या दारापाशी जमिनीवर. त्यामुळे मला कधी काही विचारायला लागायचं नाही. दारापाशी पडलेलं असेल ते उचलायचं.

आणि भिका. मासवणकडचा वारली माणूस. पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर भात लावायचा, आणि ऑगस्टपासून मेपर्यंत काकांच्या होडीवर खलाशी. बावीस वर्षं. डोंगराकडचा असून दर्यावर कधी डगमगला नाही, असं काका चारचौघांत सांगायचे. माझ्या लग्नात मांडवाचे बांबू त्यानेच मासवणहून आणून रोवले होते. माझ्या बापाच्या वयाचा, पण आळीतली सगळी त्याला नुसतं भिका म्हणतात, मीसुद्धा. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

गेल्या वर्षी जुलैच्या मध्यावर मुंबईच्या एका कंपनीने एकदम एकशेवीस पिशव्या मागितल्या, पंधरा ऑगस्टच्या आत. रंग अगदी फोटोतला पाहिजे, तो विटका निळा-हिरवा. एवढी मोठी ऑर्डर मला कधी आली नव्हती. मी काकांना फोन लावला. ते काकीचे डोळे दाखवायला पालघरला निघाले होते. ‘दाराकडं पडलंय ते ने पोरी,’ एवढं म्हणाले.

मी टेम्पो घेऊन गेले. दारापाशी दोन ढीग होते. एक सडका, काळा पडलेला, त्यात खेकड्याची नांगीसुद्धा अडकलेली. दुसरा स्वच्छ, मऊ, आणि रंग विटका निळा-हिरवा! जमिनीवर आहे म्हणजे टाकाऊच, असं मनाशी म्हटलं आणि दोन्ही ढीग टेम्पोत टाकले.

गाळ्यात सपना ते पसरायला लागली. सपना म्हणजे माझ्याकडे शिवणारी मुलगी. ‘ताई, ह्यात काहीतरी अडकलंय,’ ती म्हणाली. बघते तर जाळं शिवायची सुई. धागा ओवलेली, अर्ध्या टाक्यात तशीच. आता कोळ्याच्या पोरीला ह्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. काम चालू आहे, माणूस मध्येच उठून गेलाय, परत येऊन बसणार आहे. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं, त्याचं शेपटाकडचं बारीक विणीचं टोक, ज्यात मासळी गोळा होते, त्याला खोला म्हणतात. ते जाळं म्हणजे काकांचा खोला होता. नव्या हंगामासाठी शिवायला म्हणून आढ्यावरून खाली काढलेला. त्याच्याशिवाय होडी दर्यात नेऊन उपयोग नाही.

मी ओळखलं. त्याच क्षणी ओळखलं. पण तारीख डोक्यावर होती आणि रंग फोटोतला होता. फोन उचलून ‘काका, चूक झाली, परत आणते’ एवढंच म्हणायचं होतं हो! मी सुई उपसून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि सपनाला म्हटलं, ‘काप.’

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. ‘शिवायला काढलेला खोला दिसत नाय गं. तू आलीस तवा होता का?’

‘मी नाही पाहिला. मी काळं पडलेलं तेवढं नेलं,’ मी म्हणाले. एका दमात. खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात, ते मला तरी खरं वाटत नाही.

मग कोणी नेला? आता बघा नशीब. भिका दोन दिवस जाळी शिवायला मदत करायला आला होता आणि मी टेम्पो नेला त्याच सकाळी लावणीसाठी गावी परतला होता. अंकुशने दोन अधिक दोन चार केले. भिकाने विकला असणार, दुसरं कोण? आळीत कुजबुज झाली आणि आठ दिवसांत कुजबुजीची खात्री झाली. मी ते फोनवर काकीकडून ऐकत होते आणि इकडे पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत होते. म्हटलं, भिका आल्यावर नाही म्हणेल आणि विषय मिटेल. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

एकतीस जुलैला सकाळी मी काकीला एक पिशवी द्यायला गेले होते. ह्याच पिशव्यांतली, एक जास्तीची झाली होती ती. निर्लज्जपणा म्हणतात तो हा. आम्ही किनाऱ्यावर होतो. होड्या रंगवून तयार होत्या, बायका वाळवणाच्या जागा साफ करत होत्या, आणि तेवढ्यात रस्त्याकडून भिका आला. खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर हसू. ‘आलो रे तांडेल,’ म्हणाला.

अंकुशने त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि सगळ्यांदेखत वाळूत उपडी केली.

त्यातून एक लुंगी पडली. काकांचाच एक जुना सदरा पडला, दोन्ही कोपरांना ठिगळं लावलेला, टाके इतके बारीक की माझ्या गाळ्यात कोणाला जमणार नाहीत. आणि दोन मोठ्या काकड्या, काकीसाठी आणलेल्या. दरवर्षी आणायचा. ह्यात जाळं कुठून सापडणार? तरी अंकुशने लुंगीची घडी मोडली, झटकली, पिशवी उलटी करून शिवणी चाचपल्या. कोणाला विकलास, कितीला विकलास, बोल. तासभर हेच चाललं. जाणारायेणारा प्रत्येक जण थांबून दोन शब्द टाकून जायचा. ‘मी नाय नेला,’ एवढं भिका एकदा म्हणाला. मग तो काकांकडे बघत राहिला. काका मान खाली घालून दोर वळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी पाच हातांवर उभी होते. तोंड उघडलं होतं मी, खोटं नाही सांगत. उघडलं आणि मिटलं. भिकाने लुंगी आणि सदरा उचलून वाळू झटकली, पिशवीत भरलं आणि आल्या वाटेने गेला. काकड्या तिथेच राहिल्या. चोर म्हटलेल्या खलाशाला आमच्या किनाऱ्यावर दुसरी कुठलीही होडी घेत नाही. म्हणजे दिवाळी झाली की भिका आणि त्याची बायको वीटभट्टीवर जाणार, ह्या वयात. हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

पिशव्या वेळेवर गेल्या. कंपनीने मला कार्यक्रमाला बोलावलं, थंडगार हॉल, पाण्याच्या काचेच्या बाटल्या. मी छान बोलले. वापरून फेकायची सवय कशी सोडली पाहिजे, आमच्या कोळीवाड्यात कशी एकही वस्तू वाया जात नाही, सगळं सांगितलं. शेवटी एका मुलीने विचारलं, ‘पण ह्यात तिथल्या मच्छीमारांना काय मिळतं? ते खूश आहेत?’

‘खूप,’ मी म्हणाले. टाळ्या पडल्या. धरणीने दुभंगून पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं झालं मला. पण धरणीही कोणाकोणाला पोटात घेणार?

दुसऱ्या दिवशी बोईसर स्टेशनबाहेर भाजीवालीने प्लास्टिकच्या पिशवीत भेंडी घातली. तिला झापायला मी तोंड उघडलं आणि आतून आलं, तू कोण गं? तू कोण सांगणारी? भेंडी तशीच घेतली. त्यानंतर दहा-बारा दिवस मी कोणाला काही बोलले नाही. नवऱ्याने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे. शेवटी असह्य झालं तेव्हा उठले आणि काकांकडे गेले.

काका ओट्यावर बसले होते, काकी चहा गाळत होती. मी उभ्यानेच म्हणाले, ‘काका, खोला मी नेला. मीच कापला.’

मला वाटलं ओरडतील, हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, ‘म्हाईत हाय.’

मला कळेना. ‘कधीपासून?’

‘तुज्या काकीला पिशवी दिलीस ना? त्याच सांजच्याला बघितली. गाठ माजी हाय पोरी. चाळीस वरसं मारतोय. मी नाय वळखनार?’

‘मग भिकाला का नाही बोलावलंत?’

‘काय सांगून बोलवू? माज्या भावाची पोर खोटारडी हाय म्हनून सांगू?’ काका माझ्याकडे बघत नव्हते. ‘तो परका. तू घरची. गप बसलो.’

म्हणजे महिनाभर आम्ही दोघं एकच गोष्ट पोटात घेऊन हिंडत होतो, आणि मी इकडे काकांना फसवलं म्हणून रडत होते. काकीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने भांडं आपटलं. ‘तुमी दोगं एका माळेचे मणी! बावीस वरसं तो मानूस माज्या हातचं जेवला. उठा. आत्ताच्या आत्ता जावा त्याच्याकडं.’

पालघरहून आम्ही मनोरकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो. मासवणला उतरून बांधाबांधाने चालत गेलो. भिका शेतात गवत काढत होता. त्याची बायको चिमी दारात होती. तिने आम्हाला पाहिलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. या म्हणाली नाही. काकीने बांधून दिलेला सुका जवळा मी पुढे केला. तो तिने घेतला नाही आणि नको असंही म्हणाली नाही. पुडी माझ्याच हातात राहिली.

भिका हातपाय धुऊन आला. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो मागे सरकला. मी सगळं सांगितलं, हात जोडले, रडलेही. तो ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, ‘मी रोज इचार करायचो, कोनी नेला असंल. एकेकाचा नाव घ्यायचो मनात. अंकुशचा पन घेतला. तुझा नाय आला कदी.’

ह्यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदाने घेतल्या असत्या.

‘माफ कर रे भिका,’ काका म्हणाले. पुंडलिक तांडेलांना मी कोणाची माफी मागताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

‘इथं काय बोलतां?’ भिका म्हणाला. ‘इथं मला कोन चोर बोलला? जिथं बोलले तिथं बोला. मी येतो ऐकाया.’

तिसऱ्या दिवशी सकाळी होड्या लागल्या, मासळीचा लिलाव संपला आणि सगळे जण अजून तिथेच होते तेव्हा मी उभी राहिले. भिका आला होता. रस्त्याच्या कडेला, जरा लांब उभा होता. आवाज माझा मोठा आहे, सगळ्यांना ऐकू गेलं. खोला भिकाने नेला नव्हता, मी नेला. पिशव्यांसाठी कापला. चुकून नेला, असं म्हणाले. चुकून! तिथेही मी स्वतःला तेवढं झाकून घेतलंच.

अंकुश हसला. ‘हात्तिच्या! एवढंच व्हय? आमी उगा डोकं फोडत बसलो.’

‘पोर आपली हाय,’ कोणीतरी म्हणालं. ‘व्हतं असं. सांगितलंन, मन मोठं हाय तिचं.’

‘आता आमालाबी एकेक पिशवी दे गं फुकटात!’ एका बाईने म्हटलं आणि सगळ्या हसल्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मन मोठं हाय, पुन्हा कोणीतरी म्हणालं. मला सोडून द्यायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. भिकाची लुंगी त्यांनी तासभर झटकली होती.

भिकाला कोणीच काही म्हणालं नाही. मग अंकुशचं लक्ष गेलं आणि त्याने लांबूनच हाक दिली, ‘ये रे भिका उद्यापास्नं कामाला. झालं गेलं गंगेला मिळालं.’

भिका पुढे आला. अंकुशकडे त्याने बघितलंही नाही. माझ्याकडेही नाही. तो काकांसमोर जाऊन उभा राहिला.

‘पुंडलिक,’ तो म्हणाला. बावीस वर्षांत त्याने काकांना नावाने कधी हाक मारली नव्हती. ‘तू सांग. मी उद्या येन. पन परत काय हरवला, तर पयली पिशवी कोनाची उपडी करशील?’

काका जागचे हलले नाहीत. बायकांचं हसणं थांबलं. उत्तर तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही होतं, आणि ‘आता तसं होणार नाही’ असं निदान मी तरी म्हणायला हवं होतं, खोटं का होईना.

भिका बराच वेळ थांबला. मग तो वळून रस्त्याकडे चालायला लागला. त्याला कोणी हाक मारली नाही. मीसुद्धा नाही.